बाजेखालची शेगडी



कांद्याच्या लागणी चालू आहेत आणि गव्हाला रात्रीचे पाणी देताना पाय बधिर होत आहेत. आमच्या निफाडकडे काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. म्हणून आज पिकाचे राहू द्या, घरातल्या उबेचे बोलू.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सकाळी एका वस्तीवर गेलो, तर अंगणात गर्दी. घरची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. गारठा फार, म्हणून आईने रात्री बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, दार लावले आणि खिडकीत गोणपाट कोंबले. पहाटे आजी हाक मारायला गेली, तर लेक उठेना आणि बाळ मलूल. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले बाहेरचे आहे. आजीने मात्र कोणाचे न ऐकता दोघांना आधी उघड्या ओसरीवर आणवले. मग दवाखान्यात नेले. दोघे वाचली. डॉक्टरांनी कारण सांगितले, ते शेगडीचे.

निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून आपण त्याला निर्धोक समजतो. पण कोंडलेल्या खोलीत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. राखेने झाकलेला निखाराही हा वायू सोडतच असतो.

तेव्हा एवढे पाळा. शेगडी संध्याकाळी पेटवा, पण दार-खिडकी उघडी ठेवून. निजण्यापूर्वी ती अंगणात काढा आणि मगच दार लावा. बाळंतिणीला शेक दिवसा द्या, जवळ जागे माणूस ठेवा. रात्री चुलीजवळ तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवा; मात्र ती बाळाच्या अंगाला लागू देऊ नका. अंथरुणाखाली कोरड्या पेंढ्याचा थर घातला तर जमिनीचा गारवा वर येत नाही. कोणाला ग्लानी आलीच, तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा.

आता सरपणाविषयी. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते जाळले की आचेचा काही भाग पाणी आटवण्यातच जातो. घरात धूर होतो, ऊब होत नाही. म्हणून पुढच्या थंडीचे सरपण या माघ-फाल्गुनातच तयार करा. अख्खे झाड पाडू नका, बांधावरच्या बाभळीच्या, सुबाभळीच्या फांद्या छाटा. जाड ओंडके फोडून ठेवा, फोडलेले लवकर वाळते. खाली दगड घालून रास रचा, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. पावसाळ्यात वरून झाका, पण बाजूंनी वारा खेळू द्या. काढताना विंचू-किरडू पाहूनच हात घाला.

वाळले की नाही, हे तराजू सांगेल. एक ढलपी आज तोला, पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन घटले, तर अजून ओले आहे असे समजा.

आज रात्री निजण्यापूर्वी एकदा घरातल्या म्हाताऱ्यांच्या आणि बाळंतिणीच्या खोलीत डोकावा. शेगडी आत असेल, तर स्वतःच्या हाताने बाहेर काढा.