न चाखता दिलेला कौल

दूरचित्रवाणीवर व्यावसायिक शेफच्या पाकस्पर्धा पाहून प्रेक्षक जी मते देतात, त्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्याने पदार्थ चाखलाच नाही, त्याने निकालावर बोलू नये, असा तो आक्षेप. वरवर पाहता तो बिनतोड आहे. जपानमध्ये १९९३ साली ‘आयर्न शेफ’ सुरू झाला, अमेरिकेत २००६ मध्ये ‘टॉप शेफ’, बीबीसीवर २००८ मध्ये ‘मास्टरशेफ : द प्रोफेशनल्स’ आणि नेटफ्लिक्सवर २०१८ मध्ये ‘द फायनल टेबल’ आला. या सगळ्यांत घास जातो तो मोजक्या परीक्षकांच्या तोंडी; बाकीचे लाखो लोक नुसते बघतात. इकडे मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यात, या प्रकाराची ओळख मुख्यतः २०१० पासूनच्या ‘मास्टरशेफ इंडिया’मुळे झाली. त्यातले स्पर्धक घरगुती स्वयंपाक करणारे असले तरी निवाडा व्यावसायिक शेफ करतात. पुढे मोबाइलवर व्हिडिओ दिसू लागले आणि परदेशी शेफांची कामगिरीही जिंतूर-गंगाखेडच्या घरांत पोहोचली. मते त्यासोबत आलीच.

‘चाखल्याशिवाय बोलू नये’ या म्हणण्यामागे एक गृहीतक दडले आहे: स्वयंपाकाची परीक्षा म्हणजे चवीची परीक्षा. हे गृहीतकच चुकीचे आहे. व्यावसायिकाचे कसब चवीच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसते. परभणीकडे व्यावसायिक म्हणजे आधी लग्नकार्यातला आचारी. त्याचा बुंदीचा घाणा पाहावा. पीठ घट्ट भिजले असेल तर झाऱ्यातून पडणाऱ्या कळीला शेपूट येते, पातळ झाले असेल तर कळी चपटी पडते. तेल पुरते तापलेले नसेल तर कळी तळाशी बसून तेल पिते. पाक झाला की नाही हे आचारी चिमटीत तार ओढून ठरवतो, तोंडात टाकून नाही. मांडवामागे भट्टीजवळ उभा राहिलेला घरचा जाणता माणूस त्याला हटकतो, तेव्हा त्यानेही एक दाणा तोंडात टाकलेला नसतो. तरी त्याचे म्हणणे कुणी ‘न चाखता दिलेले मत’ म्हणून उडवून लावत नाही.

भाकरीचेही तसेच. गव्हातले ग्लुटेन ज्वारीत नसते, म्हणून पीठ आधणाच्या पाण्याने मळावे लागते. दळण शिळे असेल तर पिठाची विरी जाते आणि काठवटीत थापतानाच कडा चिरतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे आणि ते सुकत आले की उलटायची. पुरते सुकू दिले तर भाकरी तडकते. ज्या जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ असे ज्वारीचे वाण दिले, तिथल्या बाईने ही क्रिया हजारो वेळा केलेली असते. पडद्यावरच्या शेफने ज्वारीची चकती लाटली, तिची कड फाटली आणि त्यावर हिरवी चटणी पसरून ती झाकली, तर त्या बाईला ते दिसते. तिचे मत तिथे अज्ञानाचे नसते. त्या धान्यापुरते ते परीक्षकापेक्षाही जाणत्याचे असू शकते.

अन्नशास्त्रही चवीला एकटीला गादीवर बसवत नाही. परभणीच्या विद्यापीठाला, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला, स्वतःचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी नवा पदार्थ पारखतात तेव्हा दिसणे, वास, पोत आणि चव यांना वेगवेगळे गुण देतात. त्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ पायऱ्यांची हेडॉनिक मापनी अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून आली. ‘अतिशय आवडले’पासून ‘अतिशय नावडले’पर्यंतच्या तिच्या पायऱ्या मुळात सामान्य खाणाऱ्यासाठी आहेत. प्रशिक्षित परीक्षकाचे काम फरक ओळखणे आणि त्याचे वर्णन करणे. पदार्थ लोकांना आवडेल की नाही, हे त्याला विचारत नाहीत. या चाचणीत खाणारा पदार्थ चाखतो, प्रेक्षक चाखत नाही, हा भेद खराच आहे. म्हणून प्रेक्षकाचा कौल चाचणीच्या तोडीचा ठरत नाही. पण तज्ज्ञाचे मत म्हणजे अंतिम मत, ही समजूत मात्र अन्नशास्त्राच्या आधारे टिकत नाही.

आता दुसरी बाजू. प्रेक्षकांच्या मतांतही खोडून काढण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वांत पसरलेले मत म्हणजे ‘हे सगळे आधीच ठरलेले असते’. त्याला आधार अजिबातच नाही असे नव्हे. ‘टॉप शेफ’च्या अखेरच्या श्रेयनामावलीत कार्यक्रमानेच सांगितलेले आहे की, जिंकण्या-हरण्याचे निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले. पण सल्लामसलत म्हणजे नाटक नव्हे. कांदा चिरणारा हात, मासा सोलणारी सुरी, घड्याळाकडे गेलेली घाबरी नजर ही खोटी ठरत नाही. खरी अडचण वेगळी आहे. अनेक तासांचे काम तासाभरात बसवले जाते, आणि कुणाचा घाम दाखवायचा, कुणाचा नाही, हे संकलनाच्या टेबलावर ठरते. प्रेक्षकाच्या मताची कमजोरी जिभेत नाही, ती इथे आहे: तो पाहतो ते निवडून दाखवलेले असते. ‘अमुक शेफ आळशी’, ‘तमुक गर्विष्ठ’ अशा स्वभावाच्या निवाड्यांना त्यामुळे काडीचीही किंमत देऊ नये.

नियमांच्या तक्रारीचे तसे नाही. ‘मास्टरशेफ इंडिया’चे २०१५ मधले पर्व संपूर्ण शाकाहारी होते. त्यावर नाराजी असू शकते, पण नियम आधी जाहीर झालेला आणि सर्वांना सारखा असल्याने अन्याय कुणावरच झाला नाही. २०२३ च्या पर्वात मात्र एका शाकाहारी स्पर्धकाला माशाऐवजी पनीर वापरण्याची मुभा मिळाली आणि मोठा वाद उठला. समान कसोटीचा हा प्रश्न रास्त होता आणि तो विचारायला चाखण्याची गरजच नव्हती. प्रेक्षक चुकले ते रोख वळवण्यात. मुभा कार्यक्रमाने दिली होती, शिव्याशाप मात्र स्पर्धकाच्या वाट्याला आले. कुणी आपल्या आचारानुसार काय शिजवत नाही, हा दोष होऊ शकत नाही. नियम कुणी आणि कधी वाकवला, हे विचारणे योग्य.

‘एवढेसे वाढतात, याने पोट भरते का’ हे मतही असेच तपासावे लागते. दहा-बारा पदार्थ क्रमाने येणाऱ्या जेवणात प्रत्येक पदार्थ दोन घासांचाच असतो. त्या दोन घासांवरून शेफला लबाड ठरवणे म्हणजे पंगतीतली चटणी वाटीभर का नाही असे भांडणे. पडद्याकडे पाहून ‘फिके असणार’, ‘आंबट झाले असणार’ असे सांगणाऱ्यांनाही आवर घालायला हवा. मीठ, आंबटपणा, तिखटाची झळ, वास आणि आतला पोत यांबाबत परीक्षकाचाच शब्द चालतो, आणि तो चालू द्यावा.

मात्र परीक्षकाचा शब्द विश्वासाचा व्हावा, यासाठी अन्नतंत्राच्या प्रयोगशाळेतली एक साधी रीत उचलता येते. तिथे नमुन्यावर तीन अंकी सांकेतिक क्रमांक असतो, बनवणाऱ्याचे नाव नसते. निदान शेवटच्या फेऱ्यांत ताटल्या अशा निनावी आल्या आणि नियम पर्वाच्या सुरुवातीलाच जाहीर झाले, तर पक्षपाताच्या निम्म्या शंका आपोआप मिटतील.

प्रेक्षकांच्या मतांतले सर्वांत वजनदार मत तुलनेने कमी ऐकू येते. या स्पर्धांना ‘व्यावसायिक’ म्हणून दिसतो तो मुख्यतः उपाहारगृहांतला आणि तारांकित हॉटेलांतला शेफ. शेकडो पानांचे वांगे-पुरी-बुंदी काढणारा आचारी किंवा निकाहाच्या दावतीत देगीत बिर्याणी लावणारा बावर्ची त्या व्याख्येत बसत नाही. एका ताटलीची कलाकुसर आणि पाचशे पानांची एकसारखी चव ही दोन वेगळी कसबे आहेत. दुसऱ्या कसबाची कसोटी न घेता श्रेष्ठ व्यावसायिक निवडणे अपुरे आहे. ‘टॉप शेफ’मध्ये स्पर्धकांना ठरावीक वेळात अख्खे उपाहारगृह चालवून दाखवण्याची फेरी असते, आणि एका पर्वात तर लग्नाच्या जेवणाचीही फेरी झाली होती. म्हणजे नमुना तयार आहे. भारतीय वाहिनीने तशी फेरी भट्टी आणि देगीवर घ्यावी आणि परीक्षकांच्या मेजावर पहिले, मधले आणि शेवटचे पान ठेवावे. तिन्ही पानांत चव एक आहे का, हे परीक्षक सांगतील. दम नीट बसला की खालचा थर लागला, हे तळापर्यंत गेलेल्या उलथण्यावरून घरी बसलेल्यालाही कळेल.