बर्फ तिकडे, भरती इकडे

ध्रुवांवरचं बर्फ म्हटलं की फोनवर एकच फोटो फिरतो: बर्फाच्या तुकड्यावर एकटं पांढरं अस्वल. माझा या फोटोवर राग आहे. तो पाहून आपण हळहळतो आणि वाटतं, हे दूर कुठंतरी चाललंय.

आता हिशोब पाहा. ताजं बर्फ सुमारे 80 टक्के ऊन परत फेकतं. ते वेळेआधी वितळलं की खालची काळी जमीन उघडी पडते आणि तेच ऊन पिऊन टाकते. 1967 ते 2018 या काळात आर्क्टिकमधल्या जमिनीवरचं जूनचं बर्फ दर दशकाला सुमारे 13 टक्क्यांनी आक्रसलं. म्हणजे ऊन सर्वांत कडक असतानाच ढाल गळून पडते. आर्क्टिक आणखी तापतो, ग्रीनलंडचे हिमथर झिजतात, समुद्र चढतो. 1901 ते 2018 मध्ये तो जगभर सरासरी 20 सेंटिमीटर चढला. त्यातलं ग्रीनलंडचं पाणी ग्रीनलंडपाशी थांबत नाही. बर्फाचा तो डोंगर समुद्राला स्वतःकडे ओढून धरतो. डोंगर झिजला की ओढ सैलावते आणि पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे सरकतं. आपल्यासारख्या.

‘आम्ही कुठं समुद्राकाठी राहतो?’ असं डोंबिवलीकर विचारतो. मुंब्र्याला स्लो लोकलच्या खिडकीतून दिसते ती खाडी, मोठागावची खाडी, दुर्गाडीच्या पायथ्याची खाडी, सगळीकडे भरती येते. समुद्र रोज दोनदा आपल्या शहरात येऊन जातो. आपले नालेही याच खाडीत रिकामे होतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी नाल्यातच तुंबतं, मग तळमजल्यात शिरतं. खाडीची पातळी जितकी वर, तितकं हे सोपं.

आणि आपण काय केलं? 2011 च्या किनारा नियमांत खाडीकाठी भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यातला जो कमी तो पट्टा राखलेला होता. 2019 च्या अधिसूचनेनं त्या 100 चे 50 केले. पाणी पुढं येतंय आणि आपण रेघ पाण्याजवळ नेली!

‘मग घरं कुठं बांधायची?’ घरं हवीतच, मलाही इथंच राहायचंय. पण खाडी दिसणाऱ्या फ्लॅटचा हप्ता वीस वर्षं चालतो आणि भरतीरेषा मात्र आजची धरली जाते. फरकाची किंमत बिल्डर भरणार नाही, तळमजला भरणार.

अस्वलाचा फोटो खुशाल फॉरवर्ड करा. पण अधिसूचना दिल्लीतून निघते, तेव्हा मत मागायला येणाऱ्या खासदाराला एवढंच विचारा: ते 50 मीटर परत कधी देताय?