अत्ती बसल्या तीच गाडी

गेले दोन-तीन महिने आमच्या घरात जेवणाच्या पानावर एकच विषय होता, गाडी. जुनी डिकीवाली गाडी चौदा वर्षांची झाली आणि पावसाळ्यात तिनं दोनदा भर रस्त्यात मान टाकली. तेव्हा नवी घ्यायची हे ठरलं, पण कुठली, यावर घराचे तीन पक्ष पडले. आमच्या ह्यांना पुन्हा सेदानच हवी होती. चिरंजीवांचा एकच धोशा, क्रॉसओव्हर. आणि धाकटे भाऊजी म्हणत होते, माणसं सहा आहेत, अर्टिगा घ्या आणि भांडण मिटवा.

मला विचाराल तर क्रॉसओव्हर म्हणजे काय हेच आधी नीट ठाऊक नव्हतं. उंच चाकांची, पुढून जाडजूड, म्हणजे जीपच असणार असं मी धरून चालले होते. तसं नाही. आपल्याकडे खेडोपाडी पळते ती बोलेरो ही खरी त्या जातीची. खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा, त्यावर वेगळी बॉडी आणि जोर मागच्या चाकांवर. क्रॉसओव्हरचं अंग मात्र साध्या कारचंच. सांगाडा आणि बॉडी एकजीव, जोर बहुतेक वेळा पुढच्याच चाकांवर, फक्त बैठक उंच. मारुतीची फ्राँक्स २०२३ साली आली, ती चक्क बलेनोच्याच पायावर उभी आहे. तेच १.२ लिटरचं इंजिन दोघींतही मिळतं. कंपनीच्याच आकड्यांनी बघितलं तर बलेनो लिटरला २२.३५ किलोमीटर देते आणि फ्राँक्स २१.७९. डिकी बलेनोची ३१८ लिटर, उंच दिसणाऱ्या फ्राँक्सची ३०८. म्हणजे जास्त पैसे देऊन डिकी लहान! हे ऐकल्यावर आमचे हे टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघ, नुसता फेटा बांधलाय."

मलाही ते पटलं होतं. त्यात चोर्ला घाटाचा अनुभव. ओळखीच्यांच्या उंच गाडीतून साखळीला गेलो होतो. कणकुंबी मागं पडली आणि वळणावळणाला गाडी अशी डुलायला लागली की नातीला दोनदा उलटी झाली. उंच गाडी वळणावर जास्त कलते, यात नवल नाही. आणि चिखलाचं म्हणाल तर बैलहोंगलकडच्या काळ्या एरी जमिनीत पावसात पुढच्या चाकांची कुठलीच गाडी उतरवू नये, तिची उंची कितीही असो. डिझायरचं पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटरवर, टाटा पंचचं १८७. फरक भरतो साधारण एका इंचाचा. आमच्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरला तो इंच उपयोगी पडतो, रुतलेल्या चाकाला नाही.

कराचाही घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनच्या गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यापुढच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. त्यामुळं मोठ्या क्रॉसओव्हरचा विचार आम्ही तिथंच सोडला. अर्टिगा चार मीटरच्या वरची, शिवाय तिन्ही रांगा भरल्या की सामानाला उरते २०९ लिटर जागा. आम्ही सहाजण एकदम बाहेर पडतो ते वर्षातून दोनदा, गणपतीला आणि सौंदत्तीला. दोन दिवसांसाठी वर्षभर रिकाम्या खुर्च्या का ओढायच्या? दर आठवड्याला सहाजण फिरत असतो तर मी डोळे मिटून भाऊजींच्या बाजूनं गेले असते.

असं करत करत सेदानच नक्की होत आली होती. अशात एका शनिवारी आम्ही शोरूमला निघालो आणि घरी एकट्या नकोत म्हणून अत्तींना बरोबर घेतलं.

आमच्या अत्तींचं माहेर बैलहोंगल. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली तरी हिशोब आणि देवाचं कानडीतच. गुडघे गेलेत. दोन वर्षांपासून त्या माहेरी जाईनात. भाऊ थकलेला, त्याला बेळगावला येणं होत नाही, म्हणजे भाऊबीजही राहिली. विचारलं की "ननगं मनस्स इल्ल" एवढंच. आम्हाला वाटायचं, वय झालं, मन विटलं असेल.

शोरूममध्ये ह्यांनी कौतुकानं त्यांना सेदानच्या मागच्या सीटवर बसवलं. बसल्या म्हणजे जवळजवळ पडल्याच. उतरताना मी एका हाताला, चिरंजीव दुसऱ्या हाताला. तो विक्रेता पोरगाही धावला. अत्तींनी पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाल्या, "इळ्याक आगूदिल्ल. भावाच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत, असं ओढून काढून घ्यायचं?"

आम्ही तिघंही गप्प. दोन वर्षं मनस्स नव्हतं ते यासाठी.

मग चिरंजीवांनी त्यांना शेजारच्या छोट्या क्रॉसओव्हरकडं नेलं. सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला. टेकल्या, पाय आत फिरवले, झालं. उतरतानाही नुसतं पुढं सरकून पाय जमिनीवर. पलीकडं एक चांगली उंच एसयूव्ही होती, तिथं मात्र पायरीवरच अडल्या. म्हणजे जेवढी उंच तेवढी सोयीची असंही नाही. परत पहिल्या गाडीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इदु बरोब्बर ऐति नोड."

ह्यांनी मायलेजचा कागद घडी करून खिशात घातला.

कुठली घेतली ते नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणाल. पण ज्यांच्या घरी गुडघेदुखीचं माणूस आहे त्यांनी विकत घेण्याआधी त्याला दोनदा बसवून, दोनदा उतरवून बघा. दारं किती उघडतात तेही बघा. काही गाड्यांची काटकोनात उघडतात, त्यानं फार फरक पडतो. घरात सगळे धडधाकट असतील आणि रोज हुबळीच्या हमरस्त्यानं जाणं-येणं असेल, तर मी आजही सेदानच सांगीन. डिकी मोठी, पेट्रोल कमी, वळणावर स्थिर.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात आली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. नेसरगीवरून बैलहोंगलला पोहोचलो तेव्हा मामा काठी टेकत ओट्यावर उभे होते. बहिणीला हात द्यावा म्हणून ते एक पायरी उतरले, तोवर अत्ती खाली उतरून चपला घालत होत्या. मामांकडं न बघताच त्यांनी नातवाला हाक मारली, "मागचं दार उघड रे, कुंद्याचा डबा पालथा झालाय का बघ."