दाखल्यावर दोन रकाने असावेत

माननीय अध्यक्ष,
राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, नवी दिल्ली, यांस



देशातील कौशल्यांचे दाखले कोणी द्यावेत आणि उमेदवारांची पारख कोणत्या निकषांवर व्हावी, हे ठरविण्याचा अधिकार २०१८ सालच्या अधिसूचनेने आपल्या परिषदेकडे आला. म्हणून, आयटीआयमध्ये ‘कोपा’ (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक) हा व्यवसाय शिकणारा मुलगा पत्राचा मसुदा, पगारपत्रक आणि हिशेबाचा तक्ता आज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून क्षणार्धात करवून घेऊ शकतो, तेव्हा त्यास मिळणारे गुण त्याचे किती आणि यंत्राचे किती, हा प्रश्न आपल्याकडेच मांडणे मला उचित वाटते.

तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या गणिताच्या प्रयोगात असे आढळले की, ज्यांच्या हाती हे साधन निर्बंधाविना दिले होते त्यांचे सरावातील यश ४८ टक्क्यांनी वाढले, परंतु परीक्षेत ते काढून घेताच, ज्यांनी त्यास स्पर्शही केला नव्हता अशा सहाध्यायांपेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. उलट, शिक्षकांनी आखून दिल्याप्रमाणे यंत्र जेथे उत्तर न सांगता केवळ दिशा दाखवीत होते, तेथे ही हानी बहुतांशी टळली. दोष साधनाचा थोडा, ते बेलगाम हाती देण्याचा फार.

आणि स्वतःच्या प्रगतीविषयी माणसाच्या अंदाजावर तरी किती विसंबावे? २०२५ साली अमेरिकेतील ‘एमईटीआर’ या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांच्या कामाचा वेळ मोजला. यंत्रामुळे आपले काम २० टक्के लवकर उरकले, असे ते मनापासून मानीत होते. प्रत्यक्षात त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता. मुरलेल्यांची ही गत, तर शिकाऊ उमेदवाराने सादर केलेल्या नीटनेटक्या फायलीवर शिक्कामोर्तब कसे करावे?

माझी मागणी अशी की, प्रात्यक्षिक परीक्षा दोन बैठकांत व्हावी. पहिलीत यंत्रसाहाय्य पूर्णतः बंद असावे. दुसरीत ते खुले असावे, मात्र उमेदवारापुढे यंत्राने तयार केलेले आणि परीक्षकाने हेतुतः चुका पेरलेले पगारपत्रक ठेवावे, ज्यात भविष्यनिर्वाह निधीची कपात घरभाडे भत्त्यावरही केलेली असेल, बिनपगारी रजेचे दिवस पगारात धरलेले असतील. आणि त्या चुका हुडकून त्यांची कारणे त्याने परीक्षकास तोंडी सांगावीत. दोन्ही बैठकांचे गुण दाखल्यावर स्वतंत्र रकान्यांत छापावेत. त्यांची सरासरी काढू नये. मालकाला, आणि त्याहून अधिक त्या मुलाला, जे कळायला हवे तेच सरासरीत लपते.

प्रशिक्षण महासंचालनालयाशी विचारविनिमय करून, मोजक्या संस्थांत आणि ‘कोपा’ या एकाच व्यवसायात का होईना, येत्या वार्षिक परीक्षेपासून हा पायंडा पाडावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.

आपला,
एक नागरिक