जंतूचा अंगरखा

बेनिशान आंबा घेताना आपण सारेच तो अंगठ्याने हलकेच दाबून पाहतो. जंतूही असाच दाबून पाहता येतो, असे सांगितले तर कुकटपल्लीच्या बाजारातला आमचा फळवाला हसेल; परंतु ते खरे आहे. १९८६ साली बिनिग, क्वेट व गेर्बर ह्या तिघांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप सिद्ध केला. ह्यात पाहण्याचे काम भिंगाचे नसून सुईचे असते. लवचिक पट्टीच्या टोकाची ती सुई जंतूवर टेकली की पट्टी वाकते, आणि पट्टीच्या पाठीवरून परतणारा लेसर किरण किती सरकला, त्यावरून जंतू किती दबला ते कळते.

मात्र सायकलचे चाक दाबले असता हाताला लागतो तो ताठरपणा रबराचा की आतल्या हवेचा? जंतूच्या पोटातही पाण्याचा दाब असतो. प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली जिवंत ई. कोलाय जंतूवर ही दोन्ही मापे वेगळी केली. दाब भरला सुमारे ०.३ वातावरण. अन्य रीतींनी तो कितीतरी अधिक येतो. वाद मिटलेला नाही.

हा दाब तोलून धरतो तो जंतूचा अंगरखा, म्हणजे शर्करेच्या साखळ्या आडव्या टाक्यांनी जोडून झालेली जाळी. वाढत्या मुलाचा सदरा आई उसवते आणि त्यात कापड घालते. जंतूला हेच करावे लागते, पण सदरा अंगात असताना; टाका चुकला की तो फुटलाच! ही उसवणारी कात्री कोणती, ते आपल्या हैदराबादेत, हबसीगुड्याच्या सी.सी.एम.बी.मध्ये डॉ. मंजुला रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले. अशा तीन कात्र्या आहेत. एक नसली तरी दुसरी काम भागवते. तिन्ही नसल्या तर अंगरखा वाढत नाही आणि जंतू मरतो. २०१९ साली रेड्डी यांना इन्फोसिस पारितोषिक लाभले. आम्हांला तर सुईपेक्षा ही कात्रीच अधिक मोलाची वाटते. अंगरखा किती घट्ट ते सुई सांगते. तो वाढतो कसा, हे कात्रीवाचून कळले नसते.

पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून होऊ लागलेले पेनिसिलिन शिवणाऱ्याचा हात धरते. कात्री चालूच राहते, टाका पडत नाही, आणि जंतू स्वतःच्याच दाबाने फुटतो. आपल्या पेशींना असा अंगरखा नाही, म्हणून आपण वाचतो. पडशाच्या विषाणूलाही तो नाही. तरी आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत साध्या पडशाला दुकानातून ह्याच जातीच्या गोळ्या येतात! इकडे पेनिसिलिनच तोडून टाकणारे जंतू वाढत आहेत. म्हणून आता कात्रीच बोथट करणारे औषध सापडते का, ह्याचा विचार सुरू झाला आहे.