किल्ली कुणाच्या नावावर?



एरवी मी इथं निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, आमचं बँकेतलं सुरुवातीचं दिवस असलं काहीबाही लिहितो. आज जरा रागानं लिहितोय. राग कुणा परक्यावर नाही. तुमच्या-माझ्या घरावर आहे, आणि थोडा स्वतःवर.

आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत तोलणार होते. रोजच्या वजनाखाली चार ओळी लिहायची त्यांना सवय. कुणाचं लग्न ठरलं, पाऊस कधी लागला, कुठल्या शेतकऱ्याला काय दर मिळाला. १९८१ सालच्या तंबाखू आंदोलनाच्या दिवसांतही त्यांनी लिहिलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. त्या दिवशीच्या पानावर वजन नाही. नुसती तारीख आहे, खाली दोन ओळी.

त्या वह्या वेदगंगेकाठच्या आमच्या गावच्या घरात होत्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सगळा लगदा झाला. सुदैवानं त्याच्या आदल्या वर्षी मी एकेक पान स्कॅन करून ठेवलं होतं. म्हणजे वडिलांचं अक्षर आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, टिळकवाडीतल्या माझ्या लॅपटॉपमध्ये.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लॅपटॉपनं अपडेट सुरू केलं. बंद करू नका, असं पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं. पण लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो नुसता प्लगवर चालायचा. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. अपडेट निम्म्यावर असताना लाइट गेली. बॅटरी बदलायचा आळस माझा, तेव्हा चूकही माझीच.

लाइट आल्यावर निळा पडदा आला. माझं नाव नाही, फोटो नाही. ४८ आकडी किल्ली टाका, एवढीच मागणी. मी घाबरून बाजारातल्या एका दुकानात गेलो. पोरानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, हे काय उघडीना झालंय. फॉरमॅट मारूया की. नव्यासारखं होतंय बघा."

मंडळी, मी सदतीस वर्षं बँकेत काढली. खतावणीचा ताळा जमला नाही म्हणून आम्ही कधी खतावणी जाळली नाही. रात्री दहा वाजेपर्यंत बसून बारा पैशांचा फरक शोधला आहे. आणि हा पोरगा वडिलांची पस्तीस वर्षं पुसायला निघाला होता, तेही चहा पीत! मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो.

मग वाचून, विचारून कळलं ते असं. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतल्या सगळ्या साठ्याला कुलूप असतं. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतलं काही वाचता येऊ नये, यासाठी ते असतं. कुलूप चांगलंच आहे. पण अपडेट अर्धवट राहिलं, किंवा आतल्या रचनेत काही बदल झाल्यासारखं वाटलं, तर यंत्र संशय घेतं आणि खरी किल्ली मागतं. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला तर त्याला बहुधा तिथंच कळतं. आम्हा बँकवाल्यांना आवडेल असा हिशेब! ही किल्ली लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे ऑनलाइन खातं जोडलं असेल, बहुधा त्यात जाऊन बसते.

आता माझा प्रश्न. ते खातं कुणाचं?

माझं नव्हतंच. लॅपटॉप घेतला तेव्हा पुतण्या म्हणाला होता, "आण्णा, तुम्ही नका त्रास घेऊ, मी करतो." त्यानं आपलाच ईमेल घातला, आपलाच फोन नंबर दिला. मला चार आकड्यांचा पिन सांगितला आणि पुण्याला गेला. तो नंबर त्यानं कधीच सोडला. सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. म्हणजे माझ्या वडिलांच्या वह्यांचा कोड कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार होता!

बँकेत कुणी असं खातं उघडलं असतं तर? पैसे काकांचे, खातं पुतण्याच्या नावावर, सही पुतण्याची, आणि काकांच्या हातात नुसती चेकबुकाची मागची पानं. मॅनेजरनं दोघांनाही हाकलून दिलं असतं. पण हेच आपण घरोघरी करतो आणि त्याला प्रेम म्हणतो.

मुलांनो, प्रेम आहे हे मान्य. पण "तुम्हाला जमणार नाही" हे वाक्य आता पुरे करा. ज्यांनी हातानं व्याजाचे तक्ते काढले, पुढं पन्नाशीत संगणकावर बसून शाखा चालवल्या, त्यांना एक पासवर्ड जमतो. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, तुम्हीही "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणून सोफ्यावर रेलू नका. तो आपला आळस आहे, वयाला दोष देऊ नका.

सुटका कशी झाली ते सांगतो. पुतण्याच्या घरी एक जुना टॅब होता, त्यावर ते खातं अजून उघडं होतं, म्हणून जुन्या नंबरवरचा कोड मागितलाच नाही. पासवर्ड मात्र मागितला. पुतण्याला आठवेना. तो सापडला सूनबाईच्या किराणा हिशेबाच्या डायरीत, मागच्या पानावर. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही. तिनं फोनवर एकेक गट वाचला, मी परत म्हणून दाखवला. बँकेत एक जण वाचायचा, दुसरा टिकमार्क करायचा, अगदी तसं. किल्ली बसली. यंत्रानं अपडेट मागं घेतलं. पण पिन चालेना, खात्याचा पासवर्डच हवा म्हणाला. तोही त्याच डायरीतला. रात्री साडेअकराला ६ एप्रिलचं पान समोर आलं.

कुणी म्हणेल, पासवर्ड कागदावर लिहू नये असं सगळे सांगतात. बरोबर आहे, संगणकाला चिठ्ठी चिकटवू नये. ओटीपी आणि बँकेचा पासवर्ड तर कुणालाच देऊ नये. पण ही ४८ आकडी किल्ली वेगळी. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या, हेड कॅशियर आणि अधिकारी. डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवायच्या, रजिस्टरला नोंद करून. किल्ली आहे त्याच तिजोरीत ठेवणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हटलं असतं.

आणि हे नुसतं म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले. आपल्याकडं विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले गेले. कित्येक कार्यालयांत माणसं एकेका यंत्रापुढं बसून हीच ४८ आकडी किल्ली टाकत होती. ज्यांच्याकडं ती नीट नोंदलेली होती, ते लवकर सुटले.

म्हणून सांगतो, या रविवारी जेवण झाल्यावर मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवा. खातं तुमच्या नावावर, नंबर तुमचा चालू असलेला. दुसरा नंबर विश्वासातल्या माणसाचा. किल्ली कागदावर उतरवून पाकिटात, आणि ते पाकीट लॅपटॉपच्या पिशवीत नको, कागदपत्रांच्या कपाटात. महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात. जुन्या बँकेत दिवसअखेरचा बॅकअप अधिकारी घरी घेऊन जायचा. मी स्वतः नेलाय, आणि स्वतःच्या वडिलांच्या वह्यांची मात्र एकच प्रत ठेवली. याची लाज वाटते म्हणून तर हे लिहितोय.

आणि कुणी "फॉरमॅट मारूया" म्हणालं तर एवढंच विचारा: किल्ली शोधली का?

माझं पाकीट आता निपाणीला धाकट्या बहिणीकडं आहे. रजिस्टरला नोंद केली आहे, तिची सही घेऊन.

भूलचूक देणे घेणे.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, टिळकवाडी, बेळगाव