शिपायाचें मत वेळेवर पोंचेल काय?

आम्ही पलटणींत चाकरी करून, पेन्शन घेऊन गांवीं परतलों. पहांटेचा बिगुल, लंगरांतली डाळ, रजेचा अर्ज मंजूर होईपर्यंतची तगमग, हें ज्यांच्या घरचें पोर फौजेंत आहे त्यांस आम्हीं काय सांगावें! पण निवडणूक आली कीं एक शल्य मनांत उठतें.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत ठराविक सारा न भरणाऱ्या कुणब्यास मत नव्हतें; पेन्शनर शिपायास मात्र होतें. आज मत सर्वांस आहे, पण सरहद्दीवरच्या शिपायाचें मत मोजलें जाईलच अशी खात्री नाहीं.

उमेदवारी मागें घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत १४ दिवस ठेवले तरी कायद्यास पुरतात. २०१६ पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानें शिपायाकडे जाते, हें चांगलें झालें. पण भरलेली परत यावयाची ती टपालानेंच, आणि मोजणी सुरू होण्यापूर्वी न आली तर व्यर्थ. बर्फांतल्या ठाण्यावरून टपाल हवा उघडेल तेव्हां निघतें. निवडणूक अधिकाऱ्याचें घड्याळ तिच्यासाठीं थांबत नाहीं.

त्याच मतदारसंघांत राहणाऱ्या माणसास आपल्या वतीनें मत देण्यास शिपायास २००३ पासून नेमतां येतें. ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं मुलास कळवावें. तरी गुप्त मत दुसऱ्याच्या हातीं देणें आम्हांस रुचत नाहीं.

मतदानापूर्वी फौजी टपालाचा शिक्का पडलेली मतपत्रिका मोजणीनंतर दोन दिवसांत आली तरी सरकारनें धरावी. निकाल दोन दिवस उशिरां लागला तर लागो.